सराटा, गोखरू, खारेखसक

जालना जिल्ह्याला कोणी वाळवंट म्हणणार नाही. दक्षिणेच्या शिवेवर गोदावरी आहे. पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्या नकाशावर तरी ठळक आहेत आणि वर्षाचा पाऊस सरासरी 650 ते 700 मिलीमीटर धरला जातो. परंतु हा पाऊस सरासरीत जितका दिसतो तितका रानात दिसत नाही. 1972 चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला आणि 2012-13 साली मोसंबीच्या उभ्या बागा वाळलेल्या आम्ही स्वतः पाहिल्या. भोकरदन, जाफराबाद, बदनापूरकडच्या मुरमाड माळावर उन्हाळ्यात उभे राहिले की वाळवंटातील झाडाझुडपांना ही जमीन परकी का वाटत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. अशाच एका वनस्पतीविषयी हा लेख आहे. ती सर्वांच्या पायाखालची आहे आणि सर्वांनी तिला शिव्याच दिल्या आहेत. ती म्हणजे सराटा.

सराट्याचा काटा सर्वांना माहीत असतो, फूल फार थोड्यांना. मृगाचा पाऊस पडून गेला की पडीक जमिनीत, बांधावर, खळ्याच्या जागेत, रस्त्याच्या कडेला तो उगवतो. मुळी खोल जाते आणि फांद्या चारी दिशांना जमिनीला चिकटून पसरतात. पाने चिंचेच्या पानासारखी, बारीक पानांच्या जोड्यांची. त्यांच्या बगलेत पाच पाकळ्यांचे पिवळे फूल येते. ते सकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटते. हे फूल गळाले की फळ धरते, वाळल्यावर त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. अनवाणी माणूस, बैल, मेंढी, सायकलचे चाक, कोणाचीच सुटका नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या कुळात सराट्याला घालतात, त्या कुळातील बहुतेक वनस्पती जगभरच्या वाळवंटी आणि कोरड्या मुलखांतल्या आहेत. आपल्याकडचा धमासाही त्याच कुळातला.

या काट्याचा इतिहास फार जुना आहे आणि त्यातील एक मोठा भाग आपल्या भाषांमधून, म्हणजे अरबी, फारसी आणि उर्दूतून गेलेला आहे. तो आज मराठीत कोणी सांगत नाही, आणि उर्दूत जो लिहिलेला आहे तो वाचणारे कमी होत चालले आहेत.

सुरुवात नावांपासून करू. संस्कृतात त्याला गोक्षुर म्हणतात, त्रिकंटक म्हणतात आणि श्वदंष्ट्रा, म्हणजे कुत्र्याचा दात, असेही म्हणतात. गोक्षुरवरून हिंदी-उर्दूत गोखरू झाले. अरबीत हसक आणि फारसीत खारेखसक. ग्रीकांनी तीन टोकांचा म्हणून त्रिबोलोस म्हटले. 1753 मध्ये लिनियसने त्यावरूनच त्रिब्युलस टेरेस्ट्रिस हे शास्त्रीय नाव मुक्रर केले. टेरेस्ट्रिस म्हणजे जमिनीवरचा. हे मुद्दाम सांगायचे कारण असे की ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने पहिल्या शतकात दोन त्रिबोलोस वर्णन केले होते, एक जमिनीवरचा आणि एक पाण्यातला. पाण्यातला म्हणजे ज्याला आपण उपवासाला खातो त्या शिंगाड्याच्या जातीचा. काटेरी फळ पाहून ग्रीकांनी शिंगाड्याला आणि सराट्याला भाऊ ठरवले. नात्याने ते भाऊ नाहीत.

अरबस्तानात हा काटा केवळ औषधी नव्हता. युद्धात शत्रूच्या वाटेवर टाकायच्या लोखंडी किंवा लाकडी काट्यांनाही हसक म्हणत. आपल्याकडेही अशा लोखंडी काट्यांना गोखरू हाच शब्द आहे. हिजरी सन 8 मध्ये (इ. स. 630) तायफच्या वेढ्यात किल्ल्याभोवती लाकडी हसक पसरल्याचा उल्लेख इब्ने सअद यांच्या ग्रंथात येतो. आणि सहीह बुखारीत पुलसिरातचे जे वर्णन हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून आले आहे, त्यात त्या पुलावरील आकड्यांबरोबर हसक हा शब्द आहे. नज्दमधील सअदान नावाच्या काट्याची उपमाही तिथे दिली आहे. सअदान ही वनस्पती वेगळी आहे, पण ऐकणाऱ्यांना काट्याची जात नीट ठाऊक होती, हे त्यावरून कळते. वाळवंटातील माणसाला कयामतचा धाक समजावून सांगायचा तर त्याच्या पायाला रोज लागणाऱ्या काट्याइतके सोपे दुसरे काय असणार?

आता औषधाकडे येऊ. या वनस्पतीचा मुख्य उपयोग जगातील तीन मोठ्या वैद्यक परंपरांनी एकच सांगितला आहे : लघवी साफ होणे आणि मुतखडा. डायोस्कोरिडीसने फळ मुतखड्यावर सांगितले. चरकाने लघवी वाढवणाऱ्या दहा वनस्पतींच्या यादीत श्वदंष्ट्रा घातली. सुश्रुताने तर पद्धतच दिली आहे. गोखरूच्या बियांचे चूर्ण मधात कालवून मेंढीच्या दुधाबरोबर सात दिवस घ्यायचे. मेंढीच्या दुधाचा हा तपशील आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सराटा, मेंढी आणि मुतखडा हे तिन्ही कोरड्या मुलखात एकत्र असतात. ऊन फार, पाणी कमी, घाम जास्त, मग लघवी दाट होते आणि खडा धरतो. रोग जिथे आहे तिथेच औषध उगवले आहे, असे जुन्या लोकांना वाटले असेल तर त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही, जरी निसर्ग असा हिशेब ठेवत नसला तरी.

सुश्रुताचे हे ज्ञान संस्कृतात अडकून राहिले नाही. आठव्या-नवव्या शतकात बगदादला बरमकी वजिरांनी हिंदुस्थानातून वैद्य बोलावले. त्यांतील मनका नावाच्या हिंदी वैद्याने याह्या बिन खालिद बरमकी याच्यासाठी सुश्रुतसंहितेचा अनुवाद केल्याची नोंद इब्ने नदीमच्या 'फेहरिस्त'मध्ये आहे. त्याच शहरात इस्तिफान बिन बासिल आणि हुनैन बिन इसहाक यांनी डायोस्कोरिडीस अरबीत आणला. सुमारे 850 मध्ये अली बिन रब्बन तबरी याने 'फिरदौसुल हिकमत' लिहिले आणि त्यात एक स्वतंत्र भाग हिंदी वैद्यकाला दिला. रझीने आपल्या मोठ्या ग्रंथात ग्रीकांबरोबर चरक-सुश्रुतांचेही हवाले दिले. मूत्रपिंड आणि मूत्राशयातील खड्यांवर तर त्याची वेगळी पुस्तिकाच आहे. पुढे इब्ने सीनाच्या 'कानून'च्या दुसऱ्या खंडात, जिथे एकेका औषधाची माहिती आहे, तिथे हसकचीही नोंद आली.

'हे आमचे की तुमचे' हा वाद अलीकडे फार ऐकू येतो. युनानी म्हणजे परकीय आणि आयुर्वेद म्हणजे देशी, किंवा उलट बाजूने, अरबांनी जगाला सर्व काही शिकवले. सराट्याच्या बाबतीत दोन्ही विधाने टिकत नाहीत. ग्रीकांना तो त्यांच्या माळावर सापडला, आपल्या वैद्यांना आपल्या माळावर. बगदादमध्ये दोघांची गाठ पडली आणि तिथल्या लोकांनी दोन्ही पोथ्या शेजारी ठेवून वाचल्या. श्रेय द्यायचेच तर आम्ही ते या शेजारी ठेवून वाचण्याला देऊ.

हेच वाचन पुढे दख्खनमध्ये झाले, आणि तिथून आपण पुन्हा आपल्या जिल्ह्याजवळ येतो. सोळाव्या शतकात जालना निजामशाहीच्या मुलखात होते. जमशेदखानाची काली मस्जिद, तिच्यालगतचा हमाम आणि सराय याच काळातील. त्या वेळी अहमदनगरच्या दरबारात मुहम्मद कासिम फरिश्ता होता. त्याला आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. तो 1589 मध्ये नगर सोडून विजापूरला इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्याकडे गेला. पण फरिश्ता वैद्यकही जाणत होता. हिंदी वैद्यकावर त्याने फारसीत 'दस्तूरुल अतिब्बा' हा ग्रंथ लिहिला. अस्तराबादेत जन्मलेल्या माणसाने इथल्या वनस्पती, इथले हवापाणी आणि इथल्या वैद्यांचे शास्त्र फारसी जाणणाऱ्या हकिमांसाठी मांडावे, ही साधी गोष्ट नाही. उत्तरेत असाच प्रयत्न 1512 मध्ये सिकंदर लोदीच्या दरबारी मियां भुवा यांनी 'मअदनुश्शिफा'मध्ये केला होता. आमच्या शालेय इतिहासात फरिश्ता फक्त लढायांच्या तारखांपुरता येतो. तलवारी मोजणाऱ्या फरिश्त्याइतकाच मुळ्या मोजणारा फरिश्ताही मुलांना भेटायला हवा.

मोगलांच्या दख्खन मोहिमेत अबुल फजल काही काळ जालन्यात राहिल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. 'जालना, सोने का पालना' म्हणतात तो व्यापार इथे वाढला. 1725 मध्ये काबिलखानाने किल्ला बांधला. पुढे निजामाची राजवट आणि 1827 पासून इंग्रजांची छावणी. फौज, सराय आणि बाजारपेठ जिथे असते तिथे हकीमही असतो आणि अत्तारही. मराठी मुसलमानांत अत्तार आणि हकीम ही आडनावे आजही आहेत, ती उगाच पडलेली नाहीत. अत्तार म्हणजे केवळ सुगंध विकणारा नव्हे. अरबी-फारसीत जडीबुटी विकणाऱ्यालाही अत्तारच म्हणतात. गावोगावच्या आठवडी बाजारात सुरमा, काजळ, हळद-कुंकू यांच्या शेजारी हरडा, बेहडा आणि गोखरू मांडून बसणारा अत्तार मराठवाड्यात बरीच वर्षे होता. हकिमाने उर्दूत लिहिलेला नुस्खा आणि धनगराने मराठीत सांगितलेले झाड, या दोघांची सांगड तोच घालत असे.

निजामाच्या संस्थानात युनानी तिब्बला सरकारचा आश्रय होता. हैदराबादेत चारमिनारजवळचा युनानी दवाखाना आणि तिब्बिया कॉलेज त्याच आश्रयातून झाले. उर्दू ही कचेरीची भाषा होती, त्यामुळे नुस्खेही उर्दूत लिहिले जात. जुन्या हकीम घराण्यांत 'बयाज' असते. बयाज म्हणजे अनुभवाच्या नुस्ख्यांची वही. प्रत्येक नुस्ख्याच्या वर 'हुवश्शाफी' लिहिलेले, म्हणजे बरे करणारा तोच. अक्षर बहुधा शिकस्ता, वजन तोळ्या-माशात. लघवीच्या जळजळीवरचा नुस्खा साधारण असा असतो : खारेखसक, तुख्मे खियारैन म्हणजे काकडी आणि खिऱ्याचे बी, तुख्मे खरबूजा, हे पाण्यात वाटून गाळायचे. या दुधासारख्या पाण्याला शीरा म्हणतात. त्यात शरबते बजूरी घालून प्यायचे. खडा असेल तर जोडीला हजरुल यहूद, जो वास्तविक समुद्रातील जीवाचा दगड झालेला काटा आहे. म्हणजे एका काट्यावर दुसरा काटा! अशा एका बयाजच्या समासात आम्ही खारेखसकच्या बाजूला बारीक उर्दू अक्षरात 'सराटे' लिहिलेले पाहिले आहे. लिहिणाऱ्याला फारसी नाव पुस्तकासाठी हवे होते आणि मराठी नाव झाड आणायला.

इंग्रजांनी या ज्ञानाची मोजदाद केली. मुंबईचे विल्यम डायमॉक यांनी आपल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या 1890 नंतरच्या ग्रंथात संस्कृत वैद्य, मुसलमान हकीम आणि युरोपीय डॉक्टर यांची मते एकाखाली एक दिली. अठराव्या शतकातील 'मख्जनुल अद्विया' हा फारसी कोश त्यांच्या हाताशी सतत होता. जॉर्ज वॅट यांच्या कोशात वेगळीच माहिती आहे. 1876-78 च्या मद्रासकडील दुष्काळात लोकांनी सराट्याची फळे दळून खाल्ली. मराठवाड्यात कोवळ्या पाल्याची भाजी आजही काही घरांत होते. बाकीच्यांना ती गरिबीची खूण वाटते.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1981 मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला. मराठी राजभाषा झाली हे न्यायाचेच होते, कारण मराठवाड्यातील बहुसंख्यांची भाषा तीच होती आणि निजामाने तिच्यावर अन्याय केला होता. परंतु या बदलात बयाज मात्र पेटीत गेली. ज्यांना रानातील सराटा माहीत होता त्यांना तिचे अक्षर लागत नव्हते. ज्यांना अक्षर लागत होते त्यांची मुले शहरात गेली. अत्तार दुकान बंद करून कटलरी विकू लागला. उर्दू शाळेत शिकवताना आम्हाला याचा रोज प्रत्यय येतो. मुलाला गोखरू शब्द पुस्तकात भेटला तर तो अर्थ पाठ करतो, आणि मधल्या सुट्टीत पायातून सराटा उपसून फेकतो. दोन्ही एकच, हे त्याला सांगावे लागते. सांगितले की तो प्रथम हसतो आणि मग काटा शोधायला जातो.

शासनाच्या दप्तरातही हे दोन कप्पे आहेत. आयुर्वेदाच्या सरकारी औषधिकोशात गोक्षुर आहे, युनानीच्या औषधिकोशात खारेखसक खुर्द. वनस्पती तीच, मंत्रालयही एकच. 2014 मध्ये स्थापन झालेल्या आयुष मंत्रालयाच्या नावात 'यु' हे अक्षर युनानीसाठी आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

नावांचा हा घोळ केवळ भाषेच्या हळहळीचा विषय नाही, त्यात जिवाचा धोकाही आहे. आपल्याकडे अनेक भागांत गोखरू म्हणून जे झाड दाखवले जाते ते सराटा नसतेच. ते असते कमरेएवढे उंच, रुंद खरखरीत पानांचे, कपड्याला चिकटणाऱ्या लांबट काटेरी बोंडांचे तण, ज्याला काही ठिकाणी शंकेश्वर म्हणतात. त्याचे बी आणि कोवळी रोपे विषारी आहेत. 2007 मध्ये बांगलादेशात टंचाईच्या दिवसांत लोकांनी ही कोवळी रोपे भाजी म्हणून खाल्ली, आणि आजारी पडलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश दगावले. तेव्हा कोणी 'गोखरू आणा' म्हटले तर आधी विचारावे, कोणता? जमिनीला चिकटलेला, पिवळ्या फुलाचा, चिंचेसारख्या पानाचा, तोच औषधातला लहान गोखरू. मोठा गोखरू ही आणखी तिसरी वनस्पती आहे. हकीम तिला खारेखसक कलां म्हणतात.

आणि खऱ्या सराट्याविषयीही आंधळी भक्ती नको. दक्षिण आफ्रिकेत सराटा खाऊन मेंढ्यांना कावीळ होते, तोंड सुजते आणि ऊन सहन होत नाही. तिकडे या रोगाला स्वतंत्र नावच आहे. उंदरांवरील प्रयोगांत गोखरूचा अर्क खडा धरण्याला अटकाव करतो असे दिसले आहे, पण माणसांवर तितका भक्कम पुरावा अद्याप नाही. मोठा खडा अडकला असेल, ताप असेल, लघवी बंद झाली असेल तर काढा उकळत बसू नये, सोनोग्राफी करावी. ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. रझी आणि इब्ने सीना आज असते तर त्यांनी सोनोग्राफी नाकारली असती असे मानणे हा त्यांचा अपमान आहे.

बाजाराने मात्र सराट्याला तिसऱ्याच वाटेला नेले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियात त्याच्यापासून गोळ्या निघाल्या, तिथून ही हवा व्यायामशाळांत शिरली आणि आता आपल्या पोरांच्या हातात 'ताकदी'च्या चकचकीत डब्या आहेत. पुरुषी संप्रेरक वाढते असा दावा असतो. माणसांवर केलेल्या चाचण्यांत तो सिद्ध झालेला नाही. हकिमांनीही गोखरूला बाहवर्धक नुस्ख्यांत जागा दिली होती हे खरे, तेवढ्यावरच आजचे जाहिरातदार उभे आहेत. मुतखड्याचा साधा, गरिबाचा उपाय मागे पडला आणि ज्याचा पुरावा नाही ते महाग विकले जाते. अमेरिकेत हाच सराटा परदेशातून चुकून पोचला आणि तिथे तो इतका माजला की त्याचा नाश करायला 1961 मध्ये इटलीतून भुंगे मागवावे लागले. एकीकडे भुंगे सोडायचे, दुसरीकडे त्याचीच डबी विकत घ्यायची.

आपल्या रानातून तो अजून गेलेला नाही. पण कपाशी-सोयाबीनमध्ये तणनाशक फवारले जाते, खळी गेली, मेंढ्यांच्या वाटा बुजल्या, आणि जिथे औषध मारले आहे तिथला सराटा उपटून काढा करणेही आता धोक्याचे झाले आहे. गोळा करायचाच तर फवारणीपासून लांबच्या माळावरचा, फळे हिरवट-पिवळी झाली की, भाद्रपद-आश्विनच्या सुमारास. जालन्यात, अंबडमध्ये, परतूरमध्ये ज्यांच्या घरी अशा बयाज पडून आहेत त्यांनी त्या रद्दीत देण्याआधी एखाद्या उर्दू शिक्षकाला दाखवाव्यात. पानांचे फोटो काढायला आता मोबाईल पुरतो. अक्षर आम्ही लावून देऊ. झाड दाखवायला मात्र रानातला माणूस सोबत लागेल.